आष्टीच्या मोटारीचे दिवे

आर्वी,
१२ नोव्हेंबर १९५६

श्री. अण्णाजी यांस भैय्याजीचा रामराम.

तुमच्या बहिणीची प्रकृती उत्तम आहे असं तिनंच लिहायला सांगितलं आहे. माझ्या प्रकृतीचं मी लिहीत नाही, कारण ती सध्या मोटारीच्या प्रकृतीवर चालते, आणि मोटार आजारी आहे.

तुम्ही लष्करी वर्कशॉपात मोटारींच्या तारा जोडण्यात जन्म घालवला, म्हणून तुम्हालाच विचारतो. आमची आर्वी, तळेगाव, आष्टी अशी सर्व्हिस तुम्हाला ठाऊक आहे. मोटार लढाईतली, लिलावात घेतलेली. ब्रह्मदेशात जपान्यांना जे जमलं नाही ते आमच्या रस्त्यांनी करून पाहिलं, तरी ती उभी आहे. रोग दिव्यांना जडला आहे. आष्टीहून परत येताना तळेगावातच दिवस बुडतो. मोटार पळत असली की पुढचे दिवे असे लखलखतात की समोरून येणाऱ्या बंडीचे बैल मान फिरवतात. तीच मोटार नाल्याच्या उतारावर हळू केली की दिवे आधी पिवळे, मग लाल, मग नाहीतच. हॉर्न दाबला तर जे उरलं असेल तेही जातं. पुन्हा पळवली की पुन्हा हजर, आणि कधी इतके हजर की बल्बच उडतो. बल्बवाला दुकानदार हल्ली मला पाहून गादीवरून उठतो. आमदाराला तो इतका मान देत नाही. सकाळी सेल्फ मारावा तर नुसतं 'टक' होतं. मग उतारू खाली उतरून ढकलतात. तिकीट काढलेला माणूस मोटार ढकलताना काय काय बोलतो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता खरा मुद्दा. आमचा ड्रायव्हर प्रेमदास. उन्हाळ्यात तुम्हाला स्टेशनवर त्यानेच पोचवलं होतं. हा दिवस बुडाल्यावर मोटार अशी हाणतो की उतारू आष्टीला बसतात आणि आर्वीपर्यंत नवस बोलतात. विचारलं तर म्हणतो, "हळू केली का दिवे जाते, भैय्याजी. दिसाले पाह्यजे म्हणून पळवतो." दिसावं म्हणून जोरात जाणारा माणूस तुम्ही आजवर पाहिला आहे काय? दसऱ्याला त्याने सुट्टी घेतली आणि नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी या बाबतीत उदार आहे, हे मी स्वतः सगळ्या आर्वीला सांगितलं आहे. पण मोटार तेव्हापासून बिघडली, एवढं खरं. पूर्वी तो कधीमधी घेत असे. आता सोडली म्हणतो. सोडलेल्या माणसाचा भरवसा काय?

मी त्याला काढणार होतो. तर म्हणाला, "अण्णाजीले लिहा. ते म्हणतीन दोष माह्या हाताचा हाय, तर मी आपल्या पायानं उतरतो." तेव्हा कृपा करून एक ओळ लिहून पाठवा की असला दोष मोटारीत असू शकत नाही, म्हणजे तो माणसात आहे. वर्कशॉपचा शिक्का मिळाला तर उत्तम. एक तारखेपासून आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि तुम्ही मध्यप्रदेशातच राहिलात, म्हणजे हा कागद परराज्यातून येणार. त्याचं वजन पडेल.

आपला,
भैय्याजी


जबलपूर,
२० नोव्हेंबर १९५६

ती. भाऊजींस अण्णाचा नमस्कार.

शिक्का आम्ही यंत्रांवर मारतो, माणसांवर मारायची परवानगी अजून आलेली नाही.

असा दोष मोटारीत असू शकत नाही, असं लिहून देणारा माणूस एकतर मोटारी विकत असतो किंवा कधी मोटारीखाली गेलेला नसतो. ऐका. घरातल्या दिव्याला दोन तारा असतात, वीज एकीने जाते, दुसरीने परत येते. मोटारीत दिव्याला एकच तार. परतीचं काम मोटारीचं लोखंडच करतं. मडगार्ड, चासीचा सांगाडा, सगळं अंग म्हणजे ती दुसरी तार. बॅटरीचं एक टोक तांब्याच्या जाड पट्टीने चासीला बोल्टाने आवळलेलं असतं, ते याचसाठी. याला आम्ही अर्थिंग म्हणतो. या परतीच्या वाटेवर कुठेही गंज, रंग, चिखल आडवा आला की वीज अडते, आणि जुन्या मोटारीत तो येतोच. धातू धातूला उघड्या अंगाने चिकटला पाहिजे, एवढंच त्याचं मागणं.

तुमच्या मोटारीत हा अडथळा पुढच्या दिव्यांच्या बैठकीत आहे. ब्रह्मदेशातला पाऊस आणि तुमच्याकडची काळी माती, दोन्ही तिथे बसली असणार. मोटार पळाली की धक्क्याने बैठक टेकते, हळू झाली की सुटते. माझं निदान सहसा चुकत नाही.

बैठकी सोडून चाकूने लखलखीत खरवडा. मग एका लांब तारेचं एक टोक दिव्याच्या कडीला आणि दुसरं चासीच्या स्वच्छ लोखंडाला लावून पाहा. फरक पडला नाही तर तेच दुसरं टोक थेट बॅटरीच्या पट्टीवर, तिच्या वरच्या टोकाला लावा. दिवे सुधारले, तर पट्टी जिथे चासीला लागते तो खालचा बोल्ट उघडून आत काय आहे ते बघा. आणि मला दोन गोष्टी कळवा: दसऱ्यानंतर रोग नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला, आणि चार्जिंगहून आलेली बॅटरी कोण बसवतं.

तोवर प्रेमदासला काढू नका. तो अंधारात चालवतो आहे, तुम्ही उजेडात न्याय करता आहात.

ताईला सांगा, लोणचं पोचलं.

आपला,
अण्णा


आर्वी,
३ डिसेंबर १९५६

श्री. अण्णाजी यांस रामराम.

तुमच्या पत्राप्रमाणे दिव्यांच्या बैठकी सोडल्या, अड्ड्यावर, चारचौघांसमोर. खरवडून अशा केल्या की त्यात तोंड पाहून दाढी करावी. तार चासीला लावून पाहिली. फरक शून्य. बाकी पाहण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे दोष मोटारीत नाही हे तुमच्याच परीक्षेने ठरलं, याबद्दल मी आभारी आहे.

कारण मधल्या काळात जे व्हायचं ते झालं. गेल्या आठवड्यात दिवस बुडाल्यावर प्रेमदास नेहमीप्रमाणे हाणत येत होता. नाल्याच्या चढावर सोनबाची कपाशीची बंडी सरकी काढायच्या जिनाकडे चालली होती. दिवे लखलखीत असताना ती त्याला दिसली, ब्रेक दाबला, मोटार हळू झाली, दिवे गेले, आणि मोटार बंडीला लागली. हे तो सांगतो. बैल वाचले. सोनबाचा हात मोडला. प्रेमदासने काय करावं? सोनबाला उचलून दुसऱ्या बंडीत घातलं आणि दवाखान्यात घेऊन गेला. मालकाची मोटार, चाळीस उतारू, सगळं रस्त्यात सोडून. याला जबाबदारी म्हणतात काय?

मी त्याला काढलं. लायसनच्या साहेबांकडे अर्जही दिला की ड्रायव्हर भरधाव चालवतो, कामावर नशेत असावा, आणि मोटारीत दोष नाही. शेवटच्या मुद्द्याला पुरावा म्हणून तुमचं पत्र आणि आम्ही केलेल्या परीक्षेचा निकाल जोडला आहे. लायसन साहेबांनी ठेवून घेतलं. संक्रांतीनंतर साहेब आर्वीच्या तहसिलीत येतील तेव्हा चौकशी होईल, आणि ते बहुधा कायमचं रद्द होईल.

सध्या मोटार मीच चालवतो. लायसन माझ्याजवळ आहेच. दिव्यांचं म्हणाल तर देवाची मर्जी फिरली आहे, ती आपोआप जागेवर येईल.

आपला,
भैय्याजी


जबलपूर,
१० डिसेंबर १९५६

ती. भाऊजी,

माझं पत्र परत मागवा.

मी निदान चुकलो. तुम्ही त्या चुकीचा दाखला करून एका माणसाचं लायसन गहाण टाकलंत. दिव्याची बैठक स्वच्छ करून दिवे सुधारले नाहीत, यावरून दोष बैठकीत नाही एवढंच ठरतं. घरातला साप माजघरात सापडला नाही म्हणजे सून खोटं बोलते, असा हा हिशेब झाला.

बॅटरीच्या पट्टीवर तार लावून का पाहिली नाही? खालचा बोल्ट का उघडला नाही? रोग नेमका कोणत्या दिवसापासून, हे विचारलं होतं. बॅटरी कोण बसवतं, हेही विचारलं होतं. 'बाकी पाहण्यासारखं काही नव्हतं' हे तुम्ही न पाहता कसं ठरवलंत?

आणि 'नशेत असावा' म्हणजे काय? होता की नव्हता? तोंडाला वास आला होता की नव्हता? जखमी माणसाला उचलून दवाखान्यात नेणारा दारुडा मी तरी अजून पाहिलेला नाही.

उलट टपाली उत्तर द्या.

अण्णा


आर्वी,
१९ डिसेंबर १९५६

चि. अण्णास कमलाचे आशीर्वाद.

तुह्यं पत्र तुह्या भाऊजीनं वाचलं, घडी घातली आन् टोपीत ठेवलं. तवापासून टोपी काढत नाईत. झोपतानीच काय ते काढते, तेई उशीखाली ठेवते. उत्तर काई ते लिहित नाईत, म्हणून मी लिहून राह्यली. बापानं मले चार यत्ता शिकवलं ते यासाठीच असन.

मोटारीचं मले समजत नाई. घरातलं समजते, तेवढं सांगते. घरात तिळाचं तेल टिकत नाई. शेंदराची पुडी आणली का खलास. गावच्या मारुतीले लागत नसन इतका शेंदूर मोटारीले लागून राह्यला.

तुले माहीत नसन. मोटार आणली त्या साली बॅटरी बसवतानी तुह्या भाऊजीले लोखंडापाशी ठिणगी दिसली. दुसऱ्यानं हात मागं घेतला असता, यायनं जोडले. तवापासून ती पट्टी जिथी लोखंडाले लागते ते जागा देवाची. बॅटरी चार्जिंगले जाऊन आली का तिथी शेंदूर लागते. हे काम प्रेमदासचं होतं. तो आपला आधी बॅटरी बसवे, नट करकचून आवळे, मंग वरून बोटानं एक टिकली लावे आन् हात पुसून मोटार काढे. हे त्याले बोलत, "अरे, आधी देव, मंग काम." तो म्हणे, "मोटार टायमावर सुटली पाह्यजे ना, भैय्याजी. देव कुठी जाऊन राह्यला?"

दसऱ्यानंतर नागपूरहून आला तवा त्यानं हात जोडून सांगतलं, "आता माह्याच्यानं शेंदूर लावणं होत नाई. बॅटरी मी बसवून देतो, टिकली तुमी लावा." नीट बोलला, मी दारातच होती. यायले राग आला. म्हणे, देवाच्या जागेले तू आता हातच लावू नको. तवापासून बॅटरी हेच बसवते. पह्यले आंघोळ करते, मंग तेलात शेंदूर कालवून त्या लोखंडाले चांगला जाड लेप देते, मंग त्याच्यावर पट्टी ठेवून नट आवळते. आधी देव, मंग काम. इतकं सोवळं करूनई दिवे जाते, तर म्हणते का प्रेमदासनं सोडलं म्हणून देव कोपला. म्या म्हणलं, कोपला तर प्रेमदासवर कोपन, दिव्यावर काऊन कोपन? तर म्हणे, तू चूप राह्य.

परवा प्रेमदासची बायको तानाबाई आलती. बस म्हणलं तर बसली नाई. म्हणे, "बाई, लायसन नाई तर कोनी मालक उभा करत नाई. ते जिनात गाठी उचलाले जाते. त्याचं काई नाई. पन दारूचं काऊन लिवलं? दीक्षा घेतल्यापासून थेंब शिवला नाई मानूस. चोर म्हणलं असतं तरी एवढं लागलं नसतं." अर्जात दारू हाय हे मले तिच्याच तोंडून समजलं.

तू शिकलेला हायेस. काई करता येत असन तर कर. मी लिहिलं हे सांगशीन तर सांग, मले भेव नाई. लेकरांले घेऊन उन्हाळ्यात येजो.

कमला


जबलपूर,
२६ डिसेंबर १९५६

ती. भाऊजी,

टोपीतलं पत्र काढा आणि हे त्याच्या जागी ठेवा.

ताईने मला घरातल्या तेलाचं लिहिलं. तिला वाटलं ती संसाराचं गाऱ्हाणं लिहिते आहे. तुमच्या मोटारीचा दोष तिने चूल सोडून न उठता काढून दिला आणि तिला पत्ताही नाही.

तेलात कालवलेला शेंदूर म्हणजे रंग. रेल्वेचे पूल गंजू नयेत म्हणून त्यांना जो तांबडा रंग देतात, तो हाच, निराळ्या तेलातला. पूल त्याने टिकतात. वीज मात्र त्याच्यातून जात नाही. प्रेमदास पट्टी लोखंडावर आवळायचा आणि टिकली मागाहून वरून लावायचा. देवाला शेंदूर मिळत होता, पट्टीला लोखंड मिळत होतं, कुणाची तक्रार नव्हती. तुम्ही लोखंडाला आधी लेप दिलात आणि पट्टी त्याच्यावर ठेवलीत. बॅटरी मोटारीत आहे, पण मोटारीशी तिचा संबंध नाही, असं करून ठेवलंत. मोटार पळते तेव्हा इंजिनाने फिरणारा डायनॅमो एकटा दिवे पेटवतो, त्याला आवरायला बॅटरी नाही म्हणून बल्ब उडतात. हळू झाली की डायनॅमो दमतो, बॅटरी असून मदतीला येत नाही, दिवे जातात. हळू केली की दिवे जातात, म्हणून पळवतो. तुमच्या पहिल्याच पत्रात प्रेमदासचं हे वाक्य होतं. त्याला कारण माहीत नव्हतं, मला माहीत असायला हवं होतं. मी ते वाक्य वाचून पुढे गेलो आणि तुम्हाला बैठकी घासत बसवलं. सोनबाचा हात मोडायच्या आधी ते पत्र माझ्या टेबलावर येऊन पडलेलं होतं. हे मी विसरत नाही, तुम्हीही विसरू नका.

आता दोन कामं. बोल्ट उघडा. पट्टीचं टोक आणि खालचं लोखंड पांढरं दिसेपर्यंत खरवडा, पट्टी आवळा, आणि मग वरून हवा तेवढा शेंदूर लावा, देव नाही म्हणणार नाही.

दुसरं काम, अर्ज मागे घ्या. मोटारीत दोष होता हे लिहा. तो कुणाच्या हातून झाला हे लिहा. दारूचं तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की ते खोटं आहे. 'असावा' हे तीन अक्षरांचं पांघरूण घालून तुम्ही एका घरातलं जेवण बंद केलंत.

अण्णा


आर्वी,
४ जानेवारी १९५७

श्री. अण्णाजी यांस रामराम.

आपलं पत्र मिळालं. दिवे आता ठीक आहेत. वर्ध्याचा एक मिस्त्री सहज आला होता, त्याने काहीतरी केलं. दोष किरकोळ होता. शेंदराशी त्याचा संबंध जोडणं मला बरं वाटत नाही. आपण फार दिवस सरकारी नोकरीत आहात.

अर्जाचं असं आहे की तो एकदा साहेबांकडे गेला. आता मागे घ्यायचा तर गावात काय दिसेल? मी चार लोकांत ऊठबस करणारा माणूस. मोटारीला लेप मी दिला, असं तहसिलीत उभं राहून सांगू काय? प्रेमदासचं वाईट व्हावं असं मला कधीच वाटलं नाही. त्याला दुसरं काम मिळेलच. हुशार आहे.

आपला,
भैय्याजी

(याच पाकिटात, वेगळ्या चिठोऱ्यावर:)

अण्णा, पाकीट टपालात टाकाले मलेच देल्लं, म्हणून हे. मिस्त्री गिस्त्री कोनी आला नाई. त्याईनं सोताच दार लावून भाजीच्या सुरीनं खरवडलं. सुरी बोथट झाली. त्या दिवसापासून दिवे लागते आन् हे जेवत नाईत बराबर. कमला.


जबलपूर,
११ जानेवारी १९५७

ती. भाऊजी,

चौकशीच्या दिवशी मी आर्वीला येतो. माझ्या सहीचं पत्र तुम्ही पुराव्याला लावलंत, तेव्हा ते चुकीचं होतं हे सांगायचा हक्क मलाच आहे. मग लेपाचंही मलाच सांगावं लागेल, आणि मी सांगतो तेव्हा थोडक्यात सांगत नाही, हे तुम्हाला लग्नापासून माहीत आहे.

तुम्ही आधी बोललात तर मला बोलायचं कारण उरणार नाही.

अण्णा


आर्वी,
२ फेब्रुवारी १९५७

अण्णाजी, रामराम.

तुम्ही आला नाहीत. तुम्ही याल म्हणून मी आदल्या दिवसापासून गाडीच्या वेळा पाहत होतो आणि तहसिलीच्या पायरीवर उभा राहून रस्त्याकडे बघत होतो. तुम्हाला रजाच मिळाली नव्हती, हे तुमच्या बहिणीला ठाऊक होतं आणि तिने ते मला चौकशी झाल्यावर सांगितलं. भावंडं म्हणून तुम्ही दोघं एकमेकांना शोभता.

झालं ते सरळ लिहितो. गेल्या काही पत्रांत मी वळणं फार घेतली.

साहेब तरुण होते, मुंबईकडचे. त्यांनी आधी प्रेमदासला विचारलं. सोनबाही हात गळ्यात बांधून एका बाजूला बसला होता. मला वाटलं प्रेमदास माझ्यावर घसरेल. तो म्हणाला, "दिवे जात होते, साहेब. म्हणून पळवत जाऊ. बंडीवाल्याले लागलं ते माह्या हातून लागलं, त्याच्यात दुसऱ्याचं नाव नाई घेत मी. पन दारू पेलो नव्हतो. तेवढं कागदावरून काढा. लायसन मंग ठेवलं तरी चालन."

साहेब माझ्याकडे वळले. "याला काढल्यावर मोटार कोण चालवतं?"

"मीच."

"दिवे तुमच्याही हातात जात होते?"

"जात होते."

"मग तुम्ही काय करायचे?"

अण्णाजी, मी उत्तर तयार करून आलो होतो, पण ते या प्रश्नाचं नव्हतं. पहिल्याच फेरीला नाल्यापाशी दिवे गेले तेव्हा माझा पाय आपोआप दाबला गेला होता. दुसऱ्या फेरीला तर मी विचारही केला नाही. हे मी तुमच्या बहिणीलादेखील सांगितलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "पळवायचो, साहेब."

साहेबांनी टेबलावर हात पसरला. "तुमचंही लायसन द्या."

दोन लायसनं शेजारी शेजारी पडली होती. माझं जरा जास्त चुरगळलेलं. मग मी लेपाचं सगळं सांगितलं. बॅटरी कोण बसवायचं, शेंदूर कोण कसा लावायचं, मी उलटं काय केलं, आणि दारूचा मला कधीच वास आला नव्हता, हेही. मागे कोणीतरी हसलं. कारकून लिहिता लिहिता थांबला, कारण 'शेंदूर' हा शब्द त्याच्या नमुन्यात कुठे बसत नव्हता. प्रेमदास हसला नाही. सोनबाने विचारलं, "म्हणजे माहा हात देवानं मोडला का तुमी?" मी म्हणालो, मी.

प्रेमदासला लायसन त्याच दिवशी परत मिळालं, भरधावपणाची ताकीद देऊन. माझं तीन महिने साहेबांजवळ राहील. सोनबाचं औषधपाणी आणि हंगामाची भरपाई मी करायची, हे साहेबांनी सांगायच्या आधीच मी कबूल केलं. एवढ्यात तरी माझी घाई खरी होती.

म्हणजे आता मोटार होती, दिवे होते आणि चालवायला माणूस नव्हता. मी प्रेमदासच्या घरी गेलो. इतकी वर्षं तो माझी मोटार चालवत होता, आणि मला त्याचं घर विचारत विचारत जावं लागलं. तानाबाईने खाट टाकली. प्रेमदास जिनातून नुकताच आला होता, अंगावर सगळा कापूस. मी म्हणालो, "चल, उद्यापासून मोटारीवर ये."

"येतो," तो म्हणाला. "बॅटरी मीच बसवीन. शेंदूर मी लावनार नाई, तुमाले लावाचा असन तर वरून लावा. आन् अजून एक हाय. आता मले अरे-तुरे करू नका."

"म्हणजे?"

"रागवा, बोला, मोटार तुमची हाय. पन अहो म्हणून बोला."

मी म्हणालो, पगारात काहीतरी पाहू. तो म्हणाला, "ते राहू द्या. मी सांगतलं ते पाहा." मी 'पाहतो' म्हणून उठलो. घरी येऊन तुमच्या बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "जीभ तुमचीच हाय ना, का तेई साहेबानं ठेवून घेतली?"

काल सकाळच्या फेरीची गोष्ट; सकाळी तिकिटं मी स्वतः फाडतो. मोटार अड्ड्यावर उभी. उतारू भरलेले. तो येऊन जागेवर बसला. रोज मी मागच्या दारातून ओरडत असे, "काढ रे." ते शब्द ओठापर्यंत आले आणि मी गिळले. त्यांच्या जागी दुसरे येईनात. मी दार आपटलं, म्हणजे निघायचं असं समजावं. मोटार हलली नाही. पत्र्यावर दोनदा थाप मारली. नाही. तो दोन्ही हात चाकावर ठेवून समोर रस्त्याकडे पाहत बसला होता. राग नाही, काही नाही, फाटकापाशी गाडी जायची वाट पाहावी तसा. उतारूंची चुळबुळ सुरू झाली. "काय झालं, भैय्याजी? पुन्हा ढकलाची हाय का?" दोघं तर खाली उतरून बाह्या वर सारायला लागले.

मी म्हणालो, "काढा, प्रेमदासजी."

आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण पानठेल्यावरचे लोकही वळून पाहू लागले. मोटार पहिल्याच सेल्फला सुरू झाली. उतरलेले दोघं धावत चढले.

पुढच्या बाकावर तळेगावला जाणारी एक म्हातारी बसली होती. ती कितीतरी वेळ मान उंच करून ड्रायव्हरच्या जागेकडे पाहत राहिली. मी तिच्यापाशी तिकीट फाडायला आलो तेव्हा तिने माझी बाही ओढली आणि हळूच विचारलं, "भैय्याजी, आज कोन साहेब चालवून राह्यले?"

मी तिकीट फाडलं. ते वाकडं फाटलं.

भैय्याजी